काचेमागची आजी

आमच्या घरात एक चित्र होतं आणि ते कुणा एकाचं नव्हतं. एक वर्ष ते मलकापूरला आमच्या भिंतीवर असायचं, पुढचं वर्ष देऊळघाटला आत्याच्या भिंतीवर. माघ पौर्णिमेला त्याचा मुक्काम हलायचा. चित्रातली आजी कोणत्या तिथीला गेली ते बाबांना सांगता येत नव्हतं. चांदणं होतं आणि हरभऱ्याला घाटे धरले होते, एवढंच त्यांच्या ध्यानात होतं. म्हणून दोघा बहीणभावांनी मिळून माघ पौर्णिमा धरली होती. ज्याच्या घरी चित्र जायचं त्याच्याकडे त्या दिवशी बुद्धवंदना व्हायची, गव्हाची खीर व्हायची. ज्याच्याकडे ते असायचं त्याने ते गोधडीत गुंडाळून एसटीने आणायचं, तेही मांडीवर घेऊन. डोक्यावरच्या फळीवर नाही आणि पायाशी तर मुळीच नाही. एकदा एका कंडक्टरने त्या गुंडाळ्याकडे बघून विचारलं होतं, "काय हाये बाई यात? लेकरू हाये त तोंड उघडं ठेवा त्याचं." आत्या म्हणाली, "लेकरू नाई, माय हाये." कंडक्टरने तिकीट फाडून दिलं आणि तो मागच्या बाकाकडे सरकला.

चित्र वीतभर उंचीचं होतं, अंड्याच्या आकाराचं. काळ्या लाकडाची चौकट आणि वर पितळेची कडी. काच घड्याळाच्या काचेसारखी फुगीर होती, आणि चित्र त्या काचेच्याच आतल्या बाजूला रंगवलेलं होतं. एका बाईचा चेहरा, एका बाजूने पाहिलेला, नुसता काळा. डोळा नाही, गाल नाही. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी आणि मान यांची कड तेवढी. केस वर बांधलेले. गळ्याशी विरविरीत काळ्या रेघांची झालर. काचेमागे थोडी पोकळी सोडून पांढरा पुठ्ठा बसवलेला होता. त्या पोकळीमुळे असं व्हायचं की दारातून ऊन आलं की काचेवरच्या चेहऱ्याची सावली पुठ्ठ्यावर पडायची, आणि ऊन सरकेल तशी तीही सरकायची. आत्या म्हणायची, "पाह्य, माय कूस बदलून राह्यली."

ही आजी म्हणजे बाबांची आणि आत्याची आई. मी तिला पाहिलेलं नाही. आत्यानेही तसं पाहिलेलं नव्हतं, कारण आजी गेली तेव्हा आत्या नुकती चालायला लागली होती. आजीचा दुसरा कुठलाही फोटो नव्हता. तिच्या काळी आमच्या लोकांचे फोटो कोण काढणार? घरात सांगितलं जायचं ते असं, की आजी तरुणपणी मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्यावर त्याचं मूल सांभाळायची. साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा बंगल्यातलं सामान लोकांनी विकत घेतलं. कुणी कपाट नेलं, कुणी खुर्च्या. आजीला मात्र मडमने हे चित्र स्वतःच्या हाताने दिलं. मडमनेच आजीला समोर बसवून ते काढलं होतं, असं आत्या सांगायची. वर बांधलेले केस म्हणजे आजीचा अंबाडा. गळ्याशी झालर होती ती पदराची घडी. आणि चेहरा काळा, कारण आजी काळी होती. आम्ही सगळेच काळे आहोत. लहानपणी मला यात शंका घेण्यासारखं काहीच दिसलं नाही.

बारावी झाल्यावर मला बुलढाण्याच्या कॉलेजात घातलं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेलं माणूस तोवर कोणी नव्हतं. वसतिगृहापेक्षा आत्याकडे राहणं बरं, असं ठरलं. आत्या एकटी होती, तिचे यजमान, आमचे मामाजी, वारले होते, मूलबाळ नव्हतं. देऊळघाटहून सकाळची गाडी धरली की कॉलेज गाठता यायचं. त्या घराची आठवण आधी माझ्या नाकाला येते. पहाटे आत्या चुलीत तुराट्या घालायची, त्यांचा कडसर धूर, मग कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास, मग वरवंट्याखाली चेचलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण. हिवाळ्यात वांगी निखाऱ्यात टाकलेली असायची. बाहेर शेळी दाव्याला हिसके द्यायची, पलीकडच्या गल्लीतून अजान ऐकू यायची, आणि या सगळ्यात आत्याचं बोलणं चालू असायचं. मला आधी वाटायचं ती माझ्याशी बोलते. ती चित्राशी बोलायची. "माय, आज पऱ्हाटीत जाऊन राह्यली मी वेचाले. रत्नी डबा इसरून जाईन, ध्यान ठेवजो." ते वर्ष चित्राचं तिच्याकडचं होतं. चुलीसमोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीच्या जरा खाली, दारातलं ऊन पोचेल अशा जागी ते टांगलेलं होतं.

आता माझी साठी उलटली आहे, आणि कधी कधी घरात एकटी असताना मीही असं काहीतरी बोलते. मग मला समजतं की आत्याचं त्यात वेडेपण काही नव्हतं. ज्याला उत्तर देणारं कोणी हवं असतं, तो बोलायला एक जागा ठरवून घेतो.

कॉलेजात मी फार बोलत नसे. तोंड उघडलं की "मले" यायचं आणि शहरातल्या मुली हसायच्या. इतिहासाचे एक सर मात्र मला बोलतं करायचे. ते पुण्याकडचे होते, त्याच वर्षी बदलून आलेले, सडपातळ, आमच्या उन्हाने लाल झालेले. स्नेहसंमेलनात त्यांनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठेवलं. प्रत्येकाने घरातलं काहीतरी जुनं आणायचं आणि शेजारी चार ओळी लिहून ठेवायच्या. कुणी तलवार आणली, कुणी अडकित्ता, कुणी पणजोबांचा जरीचा फेटा. आमच्या घरात जुनं असं एकच होतं. आत्याने आढेवेढे घेतले, पण तिला आनंद झालेला मला दिसत होता. "मायले कालेजात नेते म्हणते पोरगी," असं ती गल्लीतल्या चार बायांना तरी सांगून आली. मी चित्र मांडीवर घेऊन गेले आणि शेजारी जाड अक्षरात लिहिलं: माझी आजी. मलकापूरच्या जिनिंगमधील बंगल्यात काढलेले चित्र.

सरांनी ते पाहिलं आणि ते तिथेच थांबले. इतका वेळ ते तलवारीपाशीही थांबले नव्हते. मला अभिमान वाटला. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, की ही सावलीवरून काढलेली चित्रं असतात. फोटो निघण्याच्या आधी विलायतेत ती काढून घ्यायची पद्धत होती. "यात गोरा माणूससुद्धा काळाच दिसतो. केसांची ही ठेवण आणि गळ्याची ही झालर तिकडच्या बायकांची आहे. हे चित्र तुझ्या आजीपेक्षा फार जुनं आहे, रत्ना. बहुतेक त्या मडमच्याच घरातली कोणी म्हातारी असावी." त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं, पण माझ्या मागे मुली उभ्या होत्या. त्यातली एक, आमच्याच देऊळघाटची, पटकन म्हणाली, "काऊन वं रत्ने, तुही आजी मडम व्हती? मंग तू अशी कोळशावानी काऊन?" सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना मी तो कागद उलटा करून ठेवला.

गावात बातमी गाडीच्या आधी पोचते. मी घरी आले तेव्हा आत्या ओट्यावर बसून मेथी निवडत होती. तिने गोधडीकडे हात केला नाही. "म्हणे ते माही माय नोहे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "सरांना काय माहीत आत्या, त्यांनी काय आजीला पाहिलं होतं?" ती म्हणाली, "मी तरी कुठं पाह्यलं?" चित्र पुन्हा खिळ्याला लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बोलणं नव्हतं. शेळी होती, अजान होती, भाकरी थापल्याचा आवाज होता. ऊन दारातून आलं, पुठ्ठ्यावर सावली सरकली, आणि आत्या पाठ करून चुलीपुढे बसून राहिली. रोज तसंच. आता मला कळतं, की मोठेपणीही माणसाची आई दुसऱ्यांदा जाऊ शकते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की हे मी घडवलं, आणि नीट करायचं तर बाबांना विचारायला हवं.

संक्रांतीच्या सुट्टीत मी मलकापूरला गेले. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई बसलेली असायची. आई म्हणायची, तुमच्या बाबाले थंडीत घोंगडं नाई लागत. त्या दिवशी जिन बंद होता आणि बाबा अंगणात खाट विणत बसले होते. मी समोर बसून दोरी ताणून धरली आणि सगळं सांगितलं. ते विणत राहिले. मग म्हणाले, "सर बराबर म्हणते तुहे. ते मडमच्या आजीचं चित्र व्हतं. मायनंच मले सांगतलं व्हतं. मडमचं लेकरू तापात गेलं इथं, मायच्या मांडीवर. जातानी मडम म्हणे, हे माह्या आजीचं हाये, मले मोलाचं हाये, तू ठेव."

"मग आत्याला तुम्ही सांगितलं काऊन नाही?"

"माय गेली तवा तुही आत्या, यमी, सारखी रडे, माय कुठं म्हणून. शेजारणी भिंतीकडं बोट दाखवत, ते पाह्य माय. ती गप व्हये. मले बी बरं वाटे. मंग दोन-तीन वर्सांनी घर सारवाचं होतं, सारं सामान ओट्यावर. त्या चित्राच्या मागचा कागद वाळवीनं खाल्ला व्हता, पुठ्ठा निघून आला. मी पाणी आणाले गेलो. येऊन पाह्यतो त यमीनं काच मांडीवर घेतलेली, अन् चुलीतली राख घेऊन, भांडे घासते न बाया, तशी आतून घासून राह्यली. मी म्हटलं, यमे, काय करतं वं? त म्हणे, मायचं तोंड धुऊन राह्यली, लय काळं झालं." बाबांनी दोरीला गाठ मारली. "कपाळापासून हनुवटीपर्यंत काच लख्ख. केस राह्यले, मान राह्यली, तोंड गेलं."

माझ्या हातातली दोरी सैल झाली. बाबा म्हणाले, "ताणून धर."

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. यमीला त्यांनी माय झोपली म्हणून सांगितलं आणि काच घराच्या धाब्यावर लपवली. दिव्यावर खापर धरून काजळी जमवली, बाभळीच्या डिंकात खलली, आणि कडूनिंबाच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला केला. "मडमच्या आजीचं नाक कसं व्हतं मले आठवेच ना. आठवे ते मायचं. चुलीपुढं बसे, इकडून अशी, जाळाकडं तोंड करून. नाक मधात जरा उंच. खालचा ओठ पुढं, रुसल्यावानी. ते काढलं. चुकलं की पुसलं, पुन्हा काढलं. मले त वाटलं बरं झालं. आता खरीच माय बसली." जिनिंगमधून गाठीचा जाड कागद आणून त्यांनी मागे डकवला, आणि चित्र भिंतीवर गेलं. यमीला काही कळलं नाही. ती इतकी लहान होती की राखेची गोष्ट तिच्या ध्यानातही राहिली नाही.

"म्हणजे ते आजीच आहे," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "बाबा, मी आत्याला सांगते. उद्याच जाऊन सांगते."

"सांगू नको," बाबा म्हणाले. "ते माय हाये हे सांगशीन, त पह्यली कशी गेली तेबी सांगा लागन. तिनं आपल्या हातानं मायचं तोंड पुसलं, हे मी इतके वर्स तिच्या कानावर येऊ देल्लं नाई. तू येऊ देशीन?"

मी देऊळघाटला परतले ती हे ओझं घेऊन. आत्याला तिची आई परत देणारी गोष्ट माझ्या तोंडात होती आणि तोंड उघडता येत नव्हतं. सकाळी ती पाठ करून बसायची तेव्हा मला वाटायचं, सांगून टाकावं, जे व्हायचं ते होवो. मग तिच्या हातांकडे लक्ष जायचं. राखेने घासून घासून बोटांच्या पेरांना पडलेल्या काळ्या चिरा. मी डबा उचलून गाडी धरायला निघायचे.

त्याच आठवड्यात सर घरी आले. त्यांनी आधीच विचारलं होतं, चित्र नीट बघायचंय म्हणून. नको कसं म्हणावं ते मला सुचलं नव्हतं. आत्याने अंगण सारवलं, स्टीलचा नवा पेला काढला. सर ओट्यावर बसले. आत्याने पाणी दिलं आणि ती दाराशी उभी राहून बघत राहिली. ते बघणं मला ओळखीचं होतं. आमच्या घरात पाहुणा आला की सगळे तसंच बघायचे, तो पेला तोंडाला लावतो की नुसता बाजूला ठेवतो. सरांनी घटाघटा पाणी पिऊन पेला पुढे केला आणि म्हणाले, "अजून मिळेल का?" आत्याचा चेहरा जरा सैल झाला. तिने स्वतःच भिंतीवरून चित्र काढलं, पदराने पुसलं, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "सर, तुम्ही शिकेल माणूस हा. खरं सांगा. हे माही माय व्हय का नोहे?"

सरांनी खिशातून भिंग काढलं. चित्र उन्हात धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. फार वेळ गेला. शेळीने एकदा आवाज केला. मग सर म्हणाले, "यात दोन काळे रंग आहेत." त्यांनी भिंग आत्याच्या हातात दिलं, तिच्या हाताला धरून ते कुठे ठेवायचं ते दाखवलं. "केस आणि गळा बघा, चकाकतात, आणि तो काळा जरा तांबूस आहे. तो जुना रंग, विलायतेतला. आता इथे कपाळापासून हनुवटीपर्यंत बघा. हा रंग चकाकत नाही. हा काजळीचा वाटतो. तोंड नंतर कुणीतरी काढलंय."

"कोणी?"

"ते मला कसं सांगता येईल? पण ज्याने काढलं त्याला चित्रकला येत नव्हती. कड थरथरते, बघा. आणि तरी नाकाच्या मधला हा उंचवटा, हा पुढे आलेला ओठ, हे मनाने रचलेलं वाटत नाही. त्याने हे माणूस पाहिलेलं असावं. रोज पाहिलेलं."

आत्या भिंगातून बघत राहिली. मग तिने विचारलं, "अन् पह्यलं तोंड कुठं गेलं?"

काजळीच्या रंगाखाली काचेवर बारीक गोल ओरखडे होते. बाबांकडून ऐकल्यानंतर मी ते उन्हात पाहिले होते, भांड्याच्या तळाला असतात तसे. सरांच्या हातात भिंग असताना ते त्यांना दिसले नसतील असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले, "काचेवरचा रंग आहे. जुना झाला की सुटतो." आणि त्यांनी चहा मागितला. त्यांनी ते माझ्या चेहऱ्याकडे बघून केलं, की त्यांना खरंच तसं वाटलं, हे मी पुढे कधी विचारलं नाही. सर काही वर्षांनी बदलून गेले. अजूनही कधी तरी वाटतं, विचारायला हवं होतं. मग वाटतं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलण्याने जाग आली. "माय, आज वालाच्या शेंगा तोडाच्या हायेत." मी पांघरुणात तोंड घालून पडून राहिले.

माघ पौर्णिमेला आम्ही दोघी चित्र घेऊन मलकापूरला गेलो. राजूरच्या घाटात गाडी वळली तशी आत्याने गोधडी छातीशी धरली. घरी वंदना झाली, खीर झाली, चित्र आमच्या खिळ्यावर गेलं. उन्हं कलायला लागली होती. आमच्या घराचं दार मावळतीचं, त्यामुळे त्या वेळी ऊन सरळ आत येऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडायचं. आत्या बाबांना म्हणाली, "भाऊ, जरा दारात बस."

"काऊन वं?"

"बस म्हटलं न. अन् तिकडं पाह्य, इहिरीकडं."

बाबा उंबऱ्यावर बसले, एका अंगाने. भिंतीवर त्यांची सावली उमटली. डोक्याला गुंडाळलेला टावेल, भुवईवर चिकटलेल्या रुईचा एक पुंजका, नाक मध्येच जरा उंच, खालचा ओठ पुढे आलेला. आत्या एकदा भिंतीकडे बघायची, एकदा चित्राकडे. आई स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती. मी सावलीकडे बघत होते. बाबांचा चेहरा मी रोज समोरून पाहिला होता. असा बाजूने, नुसत्या कडेने, कधी पाहिला नव्हता.

"मले राखेचा वास आठवते, भाऊ," आत्या हळू आवाजात म्हणाली. "त्या चित्राले राखेचा वास हाये. कालपासून आठवून राह्यला."

बाबांनी मान वळवली नाही. त्यांच्या सावलीचा ओठ जरासा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. "इहिरीकडंच पाहू का," ते म्हणाले, "का आता इकडं पाहू?"

"इहिरीकडंच पाह्य," आत्या म्हणाली.

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ते तसेच बसून राहिले. या गोष्टीवर त्या दोघांमध्ये त्यानंतर काही बोलणं झालं असेल, तर ते माझ्या कानावर आलं नाही. त्या वर्षापासून एवढंच बदललं, की जाताना आत्या चित्राच्या पाया पडायची आणि मग बाबांच्याही. बाबा म्हणायचे, "हे काय नवीन काढलं तू?" ती म्हणायची, "गप बस."

बाबा गेले, मग काही वर्षांनी आत्या. मी शिक्षिका झाले, बदल्या झाल्या, निवृत्त झाले. चित्र आता बुलढाण्याला माझ्याकडेच असतं, कारण त्याला जायला दुसरं घर राहिलं नाही. माघ पौर्णिमेला मी ते खाली काढते, गोधडीत गुंडाळते आणि थोडा वेळ मांडीवर घेऊन बसते. मग पुन्हा त्याच खिळ्याला लावते. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. ते म्हणाले, मूळ चित्र चांगल्या हाताचं आहे, पण तोंड कुणीतरी बिघडवलंय. तेवढं काढून टाकलं आणि जाणकाराकडून पुन्हा करून घेतलं तर वस्तू परत उभी राहील. मी त्यांना चहा दिला.

यंदा ते खाली काढलं तेव्हा ओठाशी पांढरं दिसलं. डिंक वाळून काजळीची खपली पडली होती. खालचा ओठ, तो रुसल्यासारखा पुढे आलेला, अर्धा गेला होता. आजीला पाहिलेलं माणूस आता या जगात कोणी नाही. ज्याने पाहून काढलं तोही नाही. ओठ कसा होता ते विचारायचं कुणाला?

काल मी दिवा लावून त्यावर खापर धरलं. बाजारातून बाभळीचा डिंक आणला. कडूनिंबाची काडी चावताना तोंड कडू झालं, दुपारपर्यंत गेलं नाही. आज मागचा जिनिंगचा कागद पाण्याने भिजवून सोडवला, पुठ्ठा बाजूला केला, काच उपडी मांडीवर घेतली. हात थरथरतो आहे, कड थरथरणारच. आजीचा ओठ मी पाहिलेला नाही. पण मावळतीच्या उन्हात, चुन्याच्या भिंतीवर, विहिरीकडे बघत बसलेल्या बाबांचा पाहिला आहे. तो मी काढते आहे.